पेट्या मिसळल्या त्या खेपेस

सातारा

एकाहत्तर सालच्या फेब्रुवारीत मी साताऱ्याला उतरले तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक, एक वळकटी आणि छापील प्रश्नांच्या तक्त्यांचा एक गठ्ठा होता. मी अकोल्याच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. पुण्याच्या एका अभ्यासमंडळाला असं जाणून घ्यायचं होतं, की लोकसभेला इकडची गावंच्या गावं एकाच बाजूला मतं का टाकतात. त्यासाठी लांबचं माणूस पाठवावं, म्हणजे ते कुणाच्या बाजूचं असल्याचा संशय येणार नाही, असा त्यांचा हिशेब. मी लांबची होते. संशय मात्र दोन्ही बाजूंनी आला.

पहिला संशय लॉजच्या मालकाला आला. एकटी बाई, कामाला आलेली, हे त्यानं चालवून घेतलं. पण त्याला माझं आडनाव चालेना. ते वऱ्हाडात चार जातींमध्ये सापडतं. त्यानं आडनाव दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हंजी कोन?"

मी म्हटलं, "प्राध्यापिका."

"त्ये झालं. पर म्हंजी कोन?"

मी गावाचं नाव सांगितलं, वडिलांचा पेशा सांगितला. त्याचं समाधान झालं नाही. शेवटी त्यानं मला जिन्याखालची खोली दिली. वरच्या मजल्यावर दोन्ही उमेदवारांची माणसं उतरली होती. मला कोणत्या टोकाची खोली द्यायची हे ठरत नसल्यामुळे ही मधली माझ्या वाट्याला आली. संध्याकाळी त्यानंच पानात बांधून चार कंदी पेढे पाठवले. ते चांगले होते. आमच्याकडे पेढा इतका भाजत नाहीत.

मेढा

मेढ्याच्या आसपास डोंगरउतारावर घरं लांब लांब आहेत. एका दिवसात अकरा तक्ते भरले. सातव्या प्रश्नाला, म्हणजे 'मत कोणाला व का', अकराही जणांनी एकच उत्तर दिलं: "गाव जिकडं, तिकडं आमी."

मी विचारलं, "गाव कुणीकडे आहे?"

"आजून ठरलं न्हाई."

"कोण ठरवणार?"

"गाव."

तिथं पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. त्यांनी मला नाचणीची भाकरी आणि खर्डा वाढला. आम्ही वऱ्हाडी लोक तिखट खातो अशी आमची समजूत आहे. खर्ड्याच्या पहिल्या घासानंतर मी ती मागे घेतली. डोळ्यांतून पाणी वाहत असताना मी त्यांना विचारलं, की मत ज्याचं त्यानं ठरवावं असं त्यांना वाटत नाही का.

"बाई," ते म्हणाले, "पंचवीस वर्सं मी जातीच्या नावाच्या पलटनीत काढली. हुकूम आला की पळायचं. डोंगरावर कोन चुकलं, कोन बरोबर, ह्ये बघत बसलो असतो तर आज तुमास्नी भाकरी कुनी वाढली असती?"

मी तक्त्यात लिहिलं: 'सामुदायिक निष्ठा. सैनिकी पूर्वानुभव.' वाचून दाखवलं. ते म्हणाले, "झ्याक लिवलंय," आणि आणखी खर्डा वाढला.

कोयनानगर

घाटातून खाली उतरल्यावर धरणाच्या वसाहतीत वेगळा देश लागतो. एकसारख्या चाळी, एकसारखे पत्रे आणि दारादारांतून निरनिराळ्या भाषा. भूकंपाला तीन वर्षं झाली होती. लपायला जागा मोकळी असावी म्हणून लोक पलंगाखाली भांडी ठेवत नसत आणि फळीवर तर अजिबात नाही.

वीजघरातल्या एका फोरमनच्या घरी मी तक्ता काढला. ते आधी तुटक बोलत होते. मग त्यांनी विचारलं, "बाई, तुमी कुठच्या?"

"अकोल्याची."

ते उठून उभे राहिले. "अकोल्याच्या? मंग पयले काऊन नाई सांगतलं?" त्यांनी बायकोला हाक मारली. आधी आलेला चहा परत गेला आणि दुधाचा दुसरा आला. ते मूर्तिजापूरचे निघाले.

त्यांनी मला समजावलं, की वसाहतीत कानडी लोक कानडी लोकांचं ऐकतात, तेलुगू तेलुगूंचं, आणि घाटावरचे तर विचारूच नका. म्हणून वऱ्हाडी लोकांनीही एक होऊन मत द्यायचं ठरवलं होतं.

"किती जण आहात?"

"चार. एकाची बायको इकडचीच हाय, तिचा भरवसा नाई."

इतक्यात जमीन हलली. मोठं काही नव्हतं. कपबशा वाजल्या, भिंतीवरचा आरसा एकदा झुकला. मी खुर्चीचे हात धरले. फोरमन वरच्या पत्र्याकडे बघत थांबले आणि सगळं स्थिर झाल्यावर म्हणाले, "हां, त का सांगत होतो? एकी पायजे."

मला तिथून निघावंसं वाटत नव्हतं, हे इथं कबूल करते. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणी माझ्याशी माझ्या बोलीत बोललं होतं. त्यांनी त्या वेळी मला एखाद्या कागदावर सही करायला सांगितली असती तर मी न वाचता केली असती.

पलूसजवळचं एक गाव

या गावाचं नाव लिहीत नाही. तिथं मी बारा दिवस राहिले, रामराव आबांच्या घरी. आबा म्हणजे गावातल्या मोठ्या भावकीचे कर्ते. सत्तरीचे, ताठ, कमी बोलणारे. त्यांचे चुलतभाऊ शंकर तात्या दुसऱ्या गटाचे. दोघांचे मळे शेजारी, दोघांचा ऊस एकाच कारखान्याला, दोघांचे उमेदवार वेगळे. दोन्ही उमेदवार एकाच जातीचे होते, त्यामुळे जात बघून मत द्यायची सोय नव्हती. मग लोक घराणं बघत, तालुका बघत, आणि तेही सारखं निघालं तर नदीच्या अल्याडचा की पल्याडचा ते बघत.

"दिल्लीला आपलं मानूस पायजे," आबा म्हणायचे.

"म्हणजे कोणाचं आपलं?"

"आपलं म्हंजी आपलं. दिल्लीत बाकीच्यांची मानसं न्हाईत व्हय? त्या त्या मुलखाची हैत. आपल्या मुलखाचं नगं?"

याला माझ्या पुस्तकांत उत्तर होतं, पण ते तिथं बसून देण्यासारखं नव्हतं.

गावात सात-आठ घरं मुसलमानांची. त्यांच्या वतीनं मुबारक तांबोळी बोलायचे. एस.टी. थांब्यावर त्यांची पानाची गादी होती. बोलायचे म्हणजे दर निवडणुकीला एक वाक्य म्हणायचे: "आबांच्या शब्दाभायेर आमी न्हाई." त्याच्या बदल्यात त्यांचं एक मागणं होतं आणि तेही जुनंच होतं. त्यांचं कबरस्तान ओढ्याच्या काठाला, तात्यांच्या उसाच्या पलीकडे. पूर्वी मळ्यातून वाट होती. ती कधीतरी नांगराखाली गेली. आता मयत न्यायची तर ओढ्यातून वळसा घालून न्यावी लागे. पाटाचं पाणी सुटलं की तिथं गुडघाभर चिखल. प्रत्येक उमेदवारानं वाट करून देतो म्हणून सांगितलं होतं. आबाही सांगत, पण मळा तात्यांचा. तात्या म्हणत, मतं आबांना आणि वाट माझ्यातनं, हे कसं?

मतदानाच्या आठ दिवस आधी चावडीवर बैठक झाली. मला कोपऱ्यात घोंगडी टाकून दिली होती. आबांनी बाजू जाहीर केली आणि म्हणाले, "मतं फुटता कामा न्हाईत. आपल्या गावच्या पेटीतनं किती निघाली ह्ये साहेबांस्नी कळतंय. कमी निघाली तर कुठल्या तोंडानं काम सांगायचं?"

मी तिथं गप्प बसायला हवं होतं. पण शिकवायची सवय वाईट. मी म्हणाले, "आबा, या खेपेला तसं कळणार नाही. नवा नियम झालाय. मोजायच्या आधी निरनिराळ्या गावांच्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळणार आहेत."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"मिसळनार?" आबांनी विचारलं.

"हो."

"मग आमच्या गावानं किती दिली ह्ये कुनाला ठावं?"

"कुणालाच नाही."

"ह्ये बरं केलं न्हाई," आबा म्हणाले. राग नव्हता. आयुष्यभर ज्या वजनावर माल मोजला ते वजन सरकारनं काढून घेतलं, अशा आवाजात ते बोलत होते. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की गठ्ठा दिसला तरच त्याला किंमत. दिसला नाही तर त्या सुट्या चिठ्ठ्या.

मुबारकभाई चावडीच्या पायरीवर बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी मी गादीवर गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, ते मिसळायचं खरं हाय?"

"खरं आहे."

"आमच्या घरांचं येगळं काडून ठेवनार न्हाईत?"

"नाही."

त्यांनी मला न मागता पान दिलं.

त्यानंतर गावात जे सुरू झालं ते मी आधी पाहिलं नव्हतं. पुढाऱ्यांची माणसं मतं मागायला येऊ लागली. तोवर ती निरोप सांगायला येत. शंकर तात्या स्वतः तांबोळ्यांच्या अंगणात जाऊन बसले, चहा प्यायले. इतक्या वर्षांत ते तिथं बसले नव्हते, असं मुबारकभाईंची बायको जैतूनभाभी मला सांगत होती. "कपाला दांडी न्हवती," ती म्हणाली. "काय करू, पळत शेजारनं कपबशी आनली."

मतदानाला दोन दिवस राहिले असताना, पहाटे, मुबारकभाईंची आई वारली. हुरमतबी. नव्वदीच्या पुढच्या. गावातल्या निम्म्या लोकांच्या जन्माच्या वेळी त्या हजर होत्या, आबांच्यासुद्धा धाकट्या भावंडांच्या. मी त्यांना एकदाच भेटले होते. तक्ता बघून त्यांनी विचारलं होतं, "ह्यात मेलेल्यांचं बी लिवत्यात का?" मी नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला होता.

आदल्या दिवशीच पाटाचं पाणी सुटलं होतं. ओढा भरला होता. मुबारकभाई अंगणात उभे होते आणि चार जणांना सांगत होते, की दुपारपर्यंत पाणी उतरतंय का बघू, नाहीतर खांद्यावर उंच धरून नेऊ.

त्याच वेळी मळ्याकडून कोयत्यांचा आवाज आला.

मी आबांच्या सुनेबरोबर धावत गेले. तात्या धोतर खोचून उसात उभे होते. सोबत त्यांचे दोन गडी. तिघं मिळून उभा ऊस तोडत होते, सरळ रेषेत, जनाजा जाईल इतकी रुंदी धरून. तोडायचा ऊस होता, पण कारखान्याची पाळी यायला अजून आठवडा होता. तात्यांच्या हातावर पाचटाचे ओरखडे उठले होते.

आबाही आले. बांधावर उभे राहिले. दोघे भाऊ वर्षभर एकमेकांशी बोललेले नव्हते.

"तात्या," आबा म्हणाले, "मतासाठी तोडतोयस व्हय रं?"

तात्या वळले नाहीत. "मतासाठी तोडत असंन. पर हुरमतकाकीनं माज्या आईला बाळंतपनात वाचवलीय, त्ये बी हाय. दोन्ही कारनं हैत. तुला कंचं पायजे त्ये घे."

आबांनी पागोटं काढून बांधावर ठेवलं आणि गड्याच्या हातचा कोयता घेतला. सत्तरीचा माणूस. त्यांच्या सुनेनं "आवं मामा" म्हणून हाक मारली, ती त्यांनी ऐकली नाही.

दुपारी जनाजा त्या वाटेनं गेला. पुढच्या दांडीला एका बाजूला आबांनी खांदा दिला, दुसऱ्या बाजूला तात्यांनी. दोघांची उंची सारखी नाही, त्यामुळे जनाजा थोडा कलता चालला होता आणि मागून मुबारकभाई सारखे म्हणत होते, "दमानं, दमानं." दोन्ही गटांचे कार्यकर्ते मागे होते. एकानंही घोषणा दिली नाही. बायका कबरस्तानापर्यंत जात नाहीत; आम्ही तोडलेल्या उसाच्या कडेला उभ्या राहिलो. आमच्याकडेही रीत तीच. जैतूनभाभी रडत होती आणि मधेच डोळे पुसून वाटेकडे बघत होती. बुडखे ताजे होते, त्यांतून रस येत होता, माश्या बसल्या होत्या.

मला त्या दिवशी तक्ते काढावेसे वाटले नाहीत.

मतदान शांततेत झालं. तांबोळ्यांच्या घरातले सगळे मत द्यायला गेले. शाळेच्या दाराशी आबांची माणसं एका बाजूला आणि तात्यांची दुसऱ्या बाजूला उभी होती. दोन्हींकडे बघून मुबारकभाईंनी सारखाच नमस्कार केला, आत गेले, शिक्का मारला, बाहेर आले. दोन्ही बाजूंच्या लोकांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. आई जाऊन दोनच दिवस झालेल्या माणसाचा तो चेहरा. त्यातून कुणालाही काही समजलं नाही.

सांगली, आणि परत

मोजणी बघायला मी सांगलीत थांबले. आत जाऊ देत नव्हते. बाहेर भडंग खात उभी राहिले. आबांचे साहेब निवडून आले. कोणत्या गावानं काय दिलं हे कुणालाच सांगता येईना, त्यामुळे संध्याकाळपर्यंत प्रत्येक गावानं निवडून आणलं होतं.

ट्रंक आणायला गावात परतले. आबा सांगत होते, तांबोळ्यांची मतं आपल्याला पडली, काकींचा मान राखला त्यांनी. तात्यांच्या घरी भेटायला गेले, तर तेही सांगत होते, आपण हरलो, पण तांबोळ्यांची मतं आपली होती. वाट दिली न्हवं आपण? वाट तशीच होती. उरलेला ऊस तुटून गेला होता. तात्यांनी त्या पट्ट्यात नांगर घालायचा नाही असं गड्यांना सांगून ठेवलं होतं. दिलेली मतं परत जातील अशी भीती असावी. किंवा तसं काही नसेलही. दोन्ही कारणं असतील.

मी मुबारकभाईंना विचारलं, की मत कुणाला दिलं. अभ्यास म्हणून विचारलं.

त्यांनी कात लावला, सुपारी टाकली, पान दुमडलं. "बाई," ते म्हणाले, "तुमीच म्हनला न्हवं, मिसळलं म्हून?"

तक्त्यात मी 'सांगितले नाही' असं लिहिलं. त्या गठ्ठ्यातला हा एकच तक्ता तसा होता.

मग जैतूनभाभीनं आत बोलावलं. चहा झाला. तिनं विचारलं, "तुमी वो बाई कुनाला घालता मत?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ती ज्या घरात विचारत होती तिथं मला खोटं बोलवेना. म्हटलं, "थोरला भाऊ सांगतो त्याला."

"दर खेपेला?"

"दर खेपेला. आमच्याकडे सगळे नातेवाईक मिळून एकीकडेच देतात."

ती थोडी हसली. चेष्टा नव्हती. "तुमचा भाऊ काय पेटीत बसतुया व्हय?"

मी नाही म्हटलं. तिनं कप उचलले.

पुढच्या वर्षी विधानसभेची निवडणूक झाली. अकोल्यात शाळेच्या फाटकाशी भाऊ माझी वाट बघत उभा होता. मी बाहेर आल्यावर त्यानं नेहमीसारखं विचारलं, "दिलंस ना आपल्या माणसाला?" मी म्हटलं, "मत दिलं." त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. घरापर्यंत आम्ही एकाच रस्त्यानं चालत गेलो, तो चार पावलं पुढे. जेवताना त्यानं मला ताक वाढलं, माझ्याकडे न बघता.